हात भाजला, आणि ती हसली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत कॉलीन हूवर यांच्या 'इट एंड्स विथ अस' या कादंबरीवर वाचकांची उलटसुलट मतं वाचली. कुणी ती रात्रभर जागून संपवली, तर कुणाला मारकुट्या माणसाला देखणा नायक केल्याचा संताप आला. त्या संतापाबद्दल मला लिहायचं आहे.

माझी भाची जळगावला नर्सिंग शिकते. सुट्टीत ती हे पुस्तक घेऊन आली. गच्चीवर बिबडे थापायला गल्लीतल्या सहा-सात जणी जमलो होतो, तिथं तिनं तीन सकाळी मिळून सगळी गोष्ट मराठीत सांगितली. बोस्टनची लिली, तिचं फुलांचं दुकान, मेंदूचा सर्जन राइल. पहिल्या दिवशी सगळ्या जणी राइलवर खूश. दुसऱ्या दिवशी तो प्रसंग आला. ओव्हनमधलं भांडं काढताना त्याचा हात भाजतो, लिलीला हसू फुटतं आणि तो असा फटका मारतो की ती मागं कोसळते. ती हसली तेव्हा आम्हीही हसलो होतो. फटका ऐकल्यावर थापणारे हात थांबले. एक आजी म्हणाल्या, "नवरा मारसच वं, त्यामा काय इतलं!" नुकतंच लग्न झालेली एक म्हणाली, "पण लगेच माफी मागितली ना त्यानं."

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान असेच होते. गावात मान, बोलणं गोड, दिवाळीला आम्हा बहिणींना न चुकता साडी. ताईच्या कपाळाला खोक पडली तेव्हा 'ओट्यावरून पडले' म्हणाली, आणि आम्ही ते खरं मानलं, कारण दाजी आम्हाला आवडायचे. ताई आता नाही. राइल पहिल्या पानापासून दुष्ट दाखवला असता तर लिलीचं अडकणं कुणाला कळलं असतं? आपल्या आईवडिलांच्या संसारातून ही गोष्ट आल्याचं लेखिकेनं पुस्तकाच्या शेवटी सांगितलं आहे.

माझा राग ती विकणाऱ्यांवर आहे. कादंबरी २०१६ ची. २०२३ मध्ये तिच्यावर रंग भरायचं पुस्तक काढायचं ठरलं होतं! वाचक खवळले तेव्हा ते मागं घेतलं. त्या वाचकांची बाजू मला पूर्ण पटते.

एक उणीव मात्र गच्चीवरच निघाली. लिलीकडे स्वतःचं दुकान आहे, आई पाठीशी आहे, जुना प्रियकर ॲटलसही आहे. मुलगी झाल्यावर ती राइलला विचारते, हिला कुणी असं मारलं तर तू काय सांगशील? आणि घटस्फोट घेते. आमच्याकडे माहेरी आलेल्या लेकीला चार दिवसांनी परत बसमध्ये बसवतात. ताईला बसवायला मीच स्टँडवर गेले होते.

म्हणून विनंती आहे. या पुस्तकावर पुन्हा काही छापाल तेव्हा खाली महिला हेल्पलाइनचा १८१ हा क्रमांक द्या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं बाईला सासरच्या घरात राहण्याचा हक्क आहे, हेही दोन ओळींत लिहा. तिसऱ्या सकाळी त्या नव्या नवरीनं भाचीला बाजूला घेऊन हेच विचारलं होतं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, चोपडा (जि. जळगाव)