माझं मत का बदललं ते सांगतो

प्रिय दोस्ता,

सलाम. तुझा परवाचा मेसेज वाचला, व्हॉट्सॲपवरच उत्तर टाईप करायला घेतलं होतं पण हे काही चार ओळीत होणारं नाही, म्हणून आता सगळे झोपल्यावर निवांत लिहून राहिलो. तू विचारलं की तू आधी असा नव्हता बे, चर्च-बिर्च सोडलं काय, की पुण्या-मुंबईच्या कोणा लेफ्टवाल्यांच्या नादी लागला. नाही ना बाप्पा. चर्च सोडलं नाही, बायबलही नाही सोडलं. माझी राजकारणाची मतं जिथं जिथं बदलली ना, ती सगळी चर्चच्या बाकावर बसूनच बदलली, अन् तुला हे पटो न पटो पण नीट समजावं एवढंच मला वाटतं, कारण तुझ्याएवढा जुना दोस्त मला दुसरा नाही.

आमच्या घरी राजकारण म्हणजे काय होतं ते तू पाहिलं आहे. निवडणूक आली की बाबा एकच गोष्ट म्हणायचे, आपल्याला सुखानं राहू देईल त्याला मत टाकायचं. शाळा, हॉस्पिटलं, कबरस्तानाची जागा, नाताळची परवानगी, हे सांभाळलं गेलं की झालं. याला भित्रेपणा म्हणू नको, त्यामागं कारण होतं. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी, अन् 1954 साली त्या सरकारनं मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली, अध्यक्ष कोण तर भवानीशंकर नियोगी, आपल्याच नागपूर हायकोर्टाचे रिटायर्ड चीफ जस्टिस. 1956 ला रिपोर्ट आला, त्यात ज्या परदेशी मिशनऱ्यांचा मुख्य हेतू धर्मांतर आहे त्यांना परत पाठवा अशी शिफारस होती. माझे आजोबा तेव्हा मिशनच्या शाळेत मास्तर. जन्म इथला, भाषा मराठी, जेवणात वरण-भात अन् झुणका, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं पेटीवर म्हणणारा माणूस, अन् त्याला अचानक वाटायला लागलं की आपण या देशाचे आहोत हे सिद्ध करावं लागेल. पुढे 1968 ला मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याच्या नावाचा कायदा आला, 1977 ला सुप्रीम कोर्टानं म्हटलं की घटनेत धर्मप्रचाराचा हक्क आहे पण दुसऱ्याला आपल्या धर्मात आणण्याचा हक्क त्यात येत नाही. आपण तोवर महाराष्ट्रात आलो होतो पण आमचे निम्मे नातेवाईक जबलपूर-छिंदवाड्याकडे, तिकडची प्रत्येक बातमी आमच्या स्वयंपाकघरात पोचायची. अशा घरात मत म्हणजे कुंपण होतं. मी पण पहिली कितीतरी वर्षं तसंच मत टाकलं.

आता 1999 आठव. ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स अन् त्यांची दोन लहान पोरं, फिलिप अन् टिमथी, ओडिशात मनोहरपूरला गाडीत झोपले होते अन् जमावानं गाडी पेटवून दिली. चर्चमध्ये प्रार्थनासभा झाली, बायका रडत होत्या, एक म्हातारे बाबाजी उठून म्हणाले की देवा, या लोकांना फासावर पाहू दे, अन् आम्ही पोरांनी जोरात आमेन म्हटलं. मग काही दिवसांनी त्यांची बायको ग्लॅडिस स्टेन्स म्हणाल्या की मी क्षमा केली आहे, माझ्या मनात कटुता नाही. अन् मुलीला घेऊन त्या लगेच ऑस्ट्रेलियाला पळून नाही गेल्या, बारीपदालाच कुष्ठरोग्यांमध्ये काम करत राहिल्या. 2005 ला पद्मश्री मिळाली त्यांना. त्याच वर्षी ओडिशा हायकोर्टानं त्या हत्याकांडातला मुख्य दोषी दारासिंगची फाशी रद्द करून जन्मठेप केली, 2011 ला सुप्रीम कोर्टानंही तीच ठेवली. मला त्या बाईचं तेव्हा कौतुक वाटायचं, पण कौतुक म्हणजे कसं, संतांचं करतो तसं, की हे त्यांना जमलं, आपल्याला अन् सरकारला याच्याशी काय करायचं.

सरकारशी त्याचा संबंध मला 2015 ला लागला. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटातला दोषी याकूब मेमनची फाशी, 30 जुलै, आपल्याच नागपूरच्या सेंट्रल जेलमध्ये. रात्री तीन वाजता सुप्रीम कोर्ट बसलं, पहाटे अर्ज फेटाळला, अन् सात वाजायच्या आत सगळं संपलं. मी त्या सकाळी अजनीकडून वर्धा रोडला निघालो होतो, राहाटे कॉलनी चौकाच्या बाजूनं पोलीसच पोलीस, चॅनलवाल्यांच्या गाड्या, ट्रॅफिक हळूहळू सरकत होतं. माझ्या बाजूला एक माणूस स्कूटीवर, मागं शाळेच्या ड्रेसमधली सात-आठ वर्षांची पोरगी, पाठीला दप्तर, गळ्यात वॉटरबॅग. ती बापाला विचारत होती, "बाबा, झालं का?" बाप म्हणाला, "हो, झालं." पोरीनं मान हलवली अन् वॉटरबॅगचं झाकण उघडून पाणी प्यायली. बस एवढंच. कोणी ओरडलं नाही, कोणी पेढे वाटले नाही, माझ्यासमोर तरी नाही.

तुला आठवत असेल त्याच रात्री आपण फोनवर भांडलो, म्हणजे तू भांडला, मी धड बोलतच नव्हतो. तू म्हणाला 1993 ला मुंबईत 257 माणसं मेली, त्यांच्या घरच्यांनी बावीस वर्षं वाट पाहिली. बरोबर होतं तुझं. मी काही याकूब निर्दोष होता असं म्हणत नाही, तेव्हाही नाही म्हटलं.

पण त्या रविवारी चर्चमध्ये आम्ही उभं राहून विश्वासांगीकार म्हटला, म्हणजे आम्ही काय मानतो ते सांगणारी प्रार्थना, जो मी संडेस्कूलपासून म्हणून राहिलो, त्यात एक ओळ आहे, की येशूनं पंतय पिलाताच्या वेळेस दुःख भोगलं, वधस्तंभावर खिळला गेला, मेला, पुरला गेला. अन् मी तिथंच अडकलो. माझ्या विश्वासाच्या मोजक्या ओळींमध्ये एका सरकारी माणसाचं नाव आहे, यहूदियाच्या रोमन सुभेदाराचं, अन् जगभरातले ख्रिस्ती लोक दर रविवारी ते घेतात. म्हणजे आम्ही ज्याला प्रभू म्हणतो त्याला सरकारनं, रीतसर, शिक्षा देऊन मारलं. खटला झाला, लोकांनी मागणी केली, अधिकाऱ्यानं हात धुतले, सैनिकांनी ऑर्डर पाळली. मग मी फाशीच्या बातमीवर कसा काय खूश होऊ? गुन्हेगार आहे म्हणून? वधस्तंभावर येशूच्या डाव्या-उजव्या बाजूला खरोखरचे गुन्हेगारच होते, अन् त्यातल्या एकाला तो म्हणाला की तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील. शेवटच्या तासाला सुद्धा माणूस बदलू शकतो असं जर मी मानतो तर तो तास सरकारनं ठरवून काढून घ्यावा हे मला पटेना.

आमच्या पाळकसाहेबांशी यावर खूप बोललो. त्यांचं म्हणणं बायबलमधलं प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र, तेरावा अध्याय वाच, अधिकारी देवानं नेमलेले आहेत, ते तलवार उगाच धरत नाहीत. वाचला ना मी, पण त्याच्या आधीचा बारावाही वाचला, त्यात तोच पौल सांगतो की सूड घेऊ नका, तुमचा शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला द्या. अन् जुन्या परंपरेप्रमाणे त्याच पौलाचं डोकं शेवटी रोमच्या तलवारीनंच उडवलं. सरकार नको असं पौल म्हणत नाही, मी पण म्हणत नाही, पोलीस पाहिजेत, कोर्ट पाहिजे, जन्मठेप पाहिजे. पण सरकारच्या हातात माणसाचा जीव द्यायला मी आता तयार नाही, मग आत दारासिंग असो की याकूब. आमच्या माणसांना मारणाऱ्याला दया अन् तुमच्या माणसांना मारणाऱ्याला फाशी, असं मला करता येत नाही, उलटंही नाही. ग्लॅडिसबाईंचं बोलणं मला सोळा वर्षांनी नीट ऐकू आलं असं म्हण.

एकदा तिथून धागा सुटला की बाकीचंही सुटत जातं रे. जातीचं पाहा. मी कॉलेजात रिझर्वेशनच्या विरोधात किती बोलायचो, कट्ट्यावर तूच माझ्या बाजूनं असायचा. माझं म्हणणं असायचं की ख्रिस्तात ना यहूदी ना हेल्लेणी (म्हणजे ग्रीक), सगळे एक, मग जात कशाला मोजायची. ते वचन मी आजही मानतो, म्हणूनच मत बदललं. कारण आमच्यात लग्न जमवायला बसले की चहा येण्याआधी कोणी ना कोणी मावशी हळूच विचारते, "मूळचे कोण ते?" बाप्तिस्म्याला चार पिढ्या झाल्या तरी विचारते. चर्चमध्ये एक बाक, कबरस्तानात एक रांग, पण सोयरीक नाही. मग जे वचन मी रिझर्वेशनवाल्यांच्या तोंडावर फेकत होतो ते आधी आमच्याच बैठकीच्या खोलीत वाचायला पाहिजे ना.

अन् कायदा पाहिला तर 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस फक्त हिंदू असू शकतो असं होतं, 1956 ला त्यात शीख आले, 1990 ला बौद्ध आले. ख्रिस्ती अन् मुसलमान अजून बाहेर. तू दीक्षाभूमीच्या जवळ वाढला, 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांच्या मागं लाखो लोकांनी धर्म बदलला ते आपल्या शहराला सांगायला नको. त्या बौद्ध घरांना चौतीस वर्षं थांबावं लागलं. दोन सख्ख्या भावांपैकी एक दीक्षाभूमीवर गेला अन् दुसरा चर्चमध्ये, तर गावच्या विहिरीवर दोघांना एकच वागणूक मिळते, सर्टिफिकेट मात्र एकालाच. हे मला अन्याय वाटतं, अन् स्वतःच्या फायद्यासाठी बोलतो असं नको समजू, माझ्या पोरांना ते मिळालं पाहिजे असं माझं बिलकुल म्हणणं नाही.

याच्यात एक गोष्ट मला फार आवडते, तुला बहुतेक माहीत नसेल. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी, बंगाली ख्रिस्ती माणूस, अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्ष. 1949 ला धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा ठेवायच्या की नाही हा प्रश्न आला तेव्हा त्या नको म्हणणाऱ्यांमध्ये ते पुढे होते. म्हणजे स्वतःच्या समाजासाठी कुंपण मागायची संधी होती अन् त्यांनी सगळ्यांबरोबर उघड्यावर उभं राहायचं ठरवलं. मला वाटतं आम्ही नंतरच्या लोकांनी ते धाडस घरात मुरू दिलं नाही. आम्ही परत कुंपणच शोधत बसलो. बाबांशी याच्यावर बोलतो तर ते म्हणतात, "तुला सोपं आहे, तू ते दिवस पाहिले नाही." अन् मग मी गप्प बसतो, कारण तेही खरं आहे.

तू मला लेफ्ट म्हणतो तर दारूचं पण ऐकून घे. चंद्रपूरची दारूबंदी 2015 ला लागली अन् 2021 ला उठली, तेव्हा माझे सगळे पुरोगामी मित्र म्हणाले बरं झालं, बंदी फेल गेली होती, अवैध दारू वाढली होती. असेल. पण ज्या बायकांनी त्या बंदीसाठी मोर्चे काढले त्यांच्या बाजूनं मी आजही आहे, अन् हे पण मला चर्चनंच शिकवलं. सांग आता कोणत्या खान्यात टाकतो मला.

अन् पक्षाचं म्हणशील तर शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला आठवा अध्याय एकदा वाच, तुझ्याकडे मी दिलेलं बायबल असेल अजून. लोक शमुवेल संदेष्ट्याकडे येतात, म्हणतात आम्हाला बाकीच्या राष्ट्रांसारखा राजा दे. तो सांगतो, घ्या, पण ऐकून घ्या, हा तुमची पोरं आपल्या रथापुढे पळवेल, पोरींना स्वयंपाकाला ठेवेल, तुमची चांगली शेतं अन् द्राक्षमळे काढून आपल्या माणसांना देईल, पिकाचा दहावा भाग घेईल, अन् मग तुम्ही ओरडाल. लोक म्हणतात चालेल, राजा पाहिजेच. मी हे वाचलं अन् मला कोणताच नेता आपला माणूस वाटेना झाला, बाबांचा नाही अन् तुझाही नाही. चर्चमध्ये आम्ही राज्यकर्त्यांसाठी नावं घेऊन प्रार्थना करतो, पंतप्रधान, मुख्यमंत्री, जे असतील ते, मी मनापासून करतो. पण प्रार्थना करणं अन् जयजयकार करणं वेगळं. आता मत टाकायला जातो तेव्हा आम्हाला कोण सांभाळेल हे विचारत नाही, ज्याच्या मागं कोणीच नाही त्याच्याशी हा माणूस कसा वागला हे विचारतो. कधी उत्तर बरं मिळतं, बरेचदा नाही मिळत, तरी रांगेत उभा राहतो.

एवढं लिहूनही तुझ्या त्या 257 घरांचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही, हे सांगतो. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला क्षमा कर असं मी कोणत्या तोंडानं सांगू, ते ग्लॅडिसबाई बोलू शकतात, मी नाही. मला फक्त एवढं वाटतं की सरकारनं त्यांच्या वतीनं सूड घेतला म्हणजे त्यांचं देणं फिटलं असं नाही, नुकसानभरपाई, उपचार, खटला वेळेत, हे तर त्यांना धड मिळायलाच पाहिजे होतं. यावर तुझं काय ते लिही, अन् भांडायचं असेल तर भांड. काकांनाही विचार, त्यांनी पोलीस खात्यात आयुष्य काढलं, जेलच्या भिंतीच्या आतलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत, त्यांचं मत मला खरंच ऐकायचं आहे. नाताळात येतोच आहे तर 25 ला दुपारी जेवायला आमच्याकडेच ये, बाबा पण असतील, त्यांच्यासमोर हा विषय काढला तरी चालेल, आता ते ऐकून घेतात.

काकूंना अन् पोरांना सलाम सांग.

तुझाच,
सदरवाला दोस्त