सरबताचं लिंबू आयत्या वेळीच कापावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी लिंबू सरबत करायची कृती वाचली. एक किलो साखर, अर्धा लिटर पाणी आणि पंचवीस लिंबांचा रस एकत्र करून दहा मिनिटं उकळा, पिळलेल्या सालीही त्यातच टाका, गाळून प्लॅस्टिकच्या बाटलीत भरा, तीन महिने टिकेल, असं त्यात होतं. माझ्या सुनेनं ती कृती कापून फ्रिजच्या दाराला लावली होती. तिला विचारून मी ती काढली आणि हे पत्र लिहायला बसलो.

मी शिकलेला आचारी नाही. गिरणी बंद पडल्यावर २६ वर्षं एसटी स्टँडजवळ लिंबू सरबताचा गाडा लावला. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा गाडा बंद केला, त्याला आता चार वर्षं झाली. सोलापूरचा पारा ४२-४३ वर गेला की दिवसाला चारशे-पाचशे लिंबं हातून जायची. त्यामुळं एवढं ठामपणे सांगू शकतो की छापलेल्या कृतीनं सरबत कडू होणार. आणि ज्या बाईनं ते मन लावून केलं ती म्हणणार, आपल्याला काही जमत नाही, सरबताची तयार पुडीच बरी. मला त्याचंच वाईट वाटतं. घरच्या सरबताइतकी सोपी गोष्ट स्वयंपाकघरात दुसरी नाही.

लिंबाचा वास असतो सालीतल्या बारीक तेलात. तो उकळला की वाफेबरोबर जातो. घर घमघमतं आणि पेल्यात नुसता आंबटपणा उरतो. क जीवनसत्त्वही उष्णतेनं घटतं. आणि सालीच्या आतला पांढरा भाग उकळत्या पाकात दहा मिनिटं राहिला तर त्याचा सगळा कडवटपणा पाकात उतरणारच.

कडूपणा मी स्वतः भोगून शिकलो. गाड्याचा पहिलाच उन्हाळा होता. दुपारी गर्दीत हात पुरेना, म्हणून एक दिवस पहाटेच शंभर लिंबं पिळून स्टीलच्या डब्यात रस भरून ठेवला. अकरापर्यंत सगळं ठीक चाललं. एकच्या सुमारास एका कंडक्टरनं दोन घोट घेऊन पेला खाली ठेवला, पैसे दिले आणि काही न बोलता निघून गेला. रोज दोन पेले पिणारा माणूस होता तो. मी चाखून बघितलं तर जिभेच्या मागच्या बाजूला औषधासारखं कडू. उरलेला सगळा रस गटारात ओतला. पुढं शेतकी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ गाड्यावर यायचे, त्यांनी कारण समजावलं. लिंबाच्या गरात एक पदार्थ असतो, तो मुळात कडू नसतो. फळ पिळलं की आंबट रसात त्याचं हळूहळू रूपांतर होतं आणि लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होतं. बिया आणि पांढरी साल यांत ते जास्त. म्हणून ताजा रस चांगला लागतो आणि तोच रस काही तासांनी कडवट होतो. त्या दिवसापासून गिऱ्हाईक समोर उभं राहिल्याशिवाय मी लिंबाला सुरी लावली नाही.

सरबताची तयारी आधी करून ठेवायची असेल तर पाक करून ठेवावा. एक किलो साखर, अर्धा लिटर पाणी, एक चांगली उकळी, बस. एकतारी-दोनतारी काही नको. उकळी आली की चमचाभर दूध घालावं, साखरेचा मळ वर येतो, तो झाऱ्यानं काढून टाकावा. मग लिंबाच्या रसाचे पाच-सहा थेंब टाकावेत. पाकात लिंबाचं काम एवढंच. त्या आंबटपणानं पाक थंड झाल्यावर साखर परत धरत नाही, बाटलीच्या तळाशी खडे बसत नाहीत. पाक पूर्ण गार झाल्यावर काचेच्या कोरड्या बाटलीत भरावा, फ्रिजमध्ये पंधरा दिवस सहज राहतो. पाकाचा मोठा फायदा म्हणजे माठाच्या गार पाण्यात साखर ढवळत बसावं लागत नाही. उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात मिनिटाभरात पेला देता येतो.

आता लिंबू. कागदी लिंबू घ्यावं, त्याची साल खरंच कागदासारखी पातळ असते. आकार बघू नका, हातात घेऊन वजन बघा. दिसायला लहान पण हाताला जड, साल तुकतुकीत, हिरव्यावरून पिवळ्याकडं झुकलेली. असं लिंबू चार चमचे रस देतं. जाड सालीचं मोठं लिंबू कधीकधी दोन चमचेही देत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची साई सरबती नावाची जात आहे. ती मिळाली तर सोडू नका. आपल्या बाजारात इंडीचं लिंबूही येतं. होटगीवरून विजापूरला जाताना इंडी रोड स्टेशन लागतं ना, तोच हा भाग. २०२३ साली इंडीच्या लिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला आपल्या घरातलं कुणी पहिलं आल्यासारखा आनंद झाला होता, कारण माझ्या गाड्यावर वर्षानुवर्षं तेच लिंबू होतं.

लिंबू कापण्याआधी ओट्यावर तळव्याखाली दाबून चार-पाच वेळा गोल फिरवावं, आतल्या फोडी सैल होतात. मग आडवं कापावं. देठापासून टोकापर्यंत उभं कापलं तर फोडींचे पडदे आडवे येतात आणि निम्मा रस आत राहतो. बिया सुरीच्या टोकानं आधीच काढाव्यात. पिळायचा चिमटा वापरत असाल तर कापलेली बाजू खाली, भोकांकडं ठेवावी. बरेच जण उलटं ठेवतात. चिमटा दाबला की साल उलटी होते, रस खाली जातो आणि सालीतल्या तेलाचा एखादा थेंब त्यात उतरतो, वास त्यानंच येतो. पण चिमटा एकदाच दाबायचा. शेवटच्या अर्ध्या चमच्यासाठी पुन्हापुन्हा आवळलं की पांढऱ्या सालीचा कडूपणा येतो. गाड्यावर नवीन पोरगा ठेवला की मी त्याला आठवडाभर एवढं एकच शिकवायचो, हात कधी थांबवायचा ते.

पेल्यात आधी चिमूटभर मीठ, किंचित पादेलोण आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. त्यावर रसाळ लिंबू असेल तर अर्ध्याचा, नाहीतर अख्ख्याचा रस, मग मोठे दोन चमचे पाक. हे सगळं दोन घोट पाण्यात नीट ढवळून मग पेला भरावा. एकदम पाणी ओतलं तर मीठ तळाशी बसतं आणि शेवटचा घोट खारट लागतो. माझ्या पत्नीला मधुमेह आहे. तिच्यासाठी पाक नाही, फक्त लिंबू, मीठ, जिरं आणि चार पुदिन्याची पानं चुरगाळून. रक्तदाब असणाऱ्यांनी मिठाला हात आखडता घ्यावा.

भांडं काच, स्टील किंवा मातीचं. कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात सरबत कळकतं, पोटाला बाधतं. पूजेच्या दिवशी तांब्याच्या घागरीत सरबत करायची हौस काही घरांत असते, ती कृपा करून टाळावी. बर्फ घरच्या फ्रिजमधला, उकळून गार केलेल्या पाण्याचा. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखता यावा म्हणून त्यात निळा रंग घालायचा नियम २०१८ साली झाला, पण घरी माठ असताना लादीच्या बर्फाची गरजच काय? आपल्याकडं नळाला काही दिवसांआड पाणी येतं, साठवलेलं असतं, म्हणून तेही उकळून माठात भरलेलं बरं.

उन्हाळ्यात एक गैरसमज फार बघितला. कुणाला जुलाब-उलट्या झाल्या की घरचे धावत गाड्यावर यायचे, दोन पेले सरबत बांधून द्या म्हणायचे. मी द्यायचो नाही, औषधाच्या दुकानाकडं पाठवायचो. सरबत आणि जलसंजीवनी एक नव्हे. घरी जलसंजीवनी करायची तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, इतकंच. आपल्या सरबतात याच्या तीन-चार पट साखर असते आणि जादा साखरेनं जुलाब वाढतात. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत पटकीची साथ पसरली, तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असं साखर-मिठाचं पाणी पाजून हजारो माणसं वाचवली. त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. सरबत उन्हानं दमलेल्या धडधाकट माणसासाठी आहे.

पुडीबद्दलही दोन शब्द. हळदीकुंकवाला, वाढदिवसाला, कधी पाणपोईवरही आता पुडीचंच सरबत असतं. त्यातला आंबटपणा लिंबूसत्त्वाचा आणि वास बाटलीतल्या अर्काचा. ते विष आहे असं मी म्हणत नाही. पण सात-आठ वर्षांच्या मुलाला ताजं सरबत दिलं तर ते विचारतं, यात लिंबाचा रंग का नाही? सरबत पिवळंधमक असतं असं त्याच्या डोक्यात बसलंय. खरं सरबत पाणचट, किंचित धुरकट दिसतं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत रामनवमीला पानकम करतात, गूळ, लिंबू, मिरी, सुंठ, वेलदोडा. कुठलीही पुडी नाही. गाड्यावरचं माझं गुळाचं सरबत मी त्याच घरांतून शिकलो.

साठवणीच्या सरबताची गरज मी नाकारत नाही. लिंबाचा मोठा हंगाम पावसाळ्यात येतो, तेव्हा ते मातीमोल जातं आणि उन्हाळ्यात हवं तेव्हा महाग होतं. उन्हाळ्यात फळ हवं तर शेतकऱ्याला हस्त बहर धरावा लागतो, म्हणजे पावसाळा सरताना झाडाचं पाणी तोडून ताण द्यायचा. पाऊस लांबला की ताण बसत नाही, फूल कमी, फळ कमी. २०२२ च्या एप्रिलमध्ये एकेक लिंबू दहा रुपयाला गेलं ते आठवत असेल. तेव्हा स्वस्ताईत साठवायचं तर न उकळता. एक वाटी गाळलेला रस, दोन वाट्या साखर, काचेच्या बरणीत. दिवसातून दोनदा लाकडी चमच्यानं ढवळावं, दोन-तीन दिवसांत साखर विरघळते, मग बरणी फ्रिजमध्ये. दीड-दोन महिने चांगलं राहतं. ताज्या लिंबाची सर त्याला येत नाही, पण विस्तवावर चढवलेल्या सरबतापेक्षा कितीतरी पटीनं बरं.

एक शेवटचं, कारण हे कुठल्याच कृतीत लिहिलेलं मला दिसत नाही. लिंबं पिळून झाली की साबणानं हात धुतल्याशिवाय उन्हात जाऊ नये. सालीचा रस कातडीवर राहिला आणि त्यावर ऊन पडलं की भाजल्यासारखं लाल होतं, फोड येतात, मग तपकिरी डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. माझ्या दोन्ही मनगटांवर पहिल्या उन्हाळ्यात असे डाग पडले, लोकांना कातडीचा रोग वाटायचा आणि काही जण दुसऱ्या गाड्यावर जायचे. सुट्टीत मुलं हौसेनं अंगणात बसून लिंबं पिळतात, त्यांना सावलीत बसवा आणि हात धुवायला लावा.

आपल्याला विनंती आहे की कृतीची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत छापावी. जागा कमी असेल तर माझं गाड्याचं सगळं पुराण गाळा, पाक उकळावा आणि रस उकळू नये एवढं ठळक छापा. परवा कस्तुरबा मंडईत दहाला चार लिंबं मिळाली. एप्रिल लागला की ती मिळायची नाहीत, म्हणून जरा लवकर छापलं तर बरं होईल.

आपला विश्वासू,
एक जुना सरबतवाला
साखर पेठ, सोलापूर