इंजिन खोलण्याआधी पुलीचा बोल्ट बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात जुन्या गाड्यांचे चकाचक फोटो येतात, बघून बरं वाटतं, पण त्या गाड्या चालत्या ठेवायच्या कशा यावर कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. विषय एकाच बोल्टचा आहे, क्रँकच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या टोकाला पुली, म्हणजे फॅन बेल्ट फिरवणारं चाक, धरून ठेवणारा.

माझ्या गाडीला आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, ठकठक सुरू झाली. मेकॅनिक म्हणाला बेअरिंग गेलं, इंजिन खोलावं लागणार. मन तयार होईना, म्हणून फॅन बेल्ट काढला आणि पुली हाताने हलवून बघितली तर ती चक्क डुलत होती. बेअरिंग ठीक, बोल्ट सैल! आवाज अगदी बेअरिंगसारखाच येतो म्हणून भलेभले फसतात, आणि त्यापायी चांगली बांधलेली इंजिनं उगाच खोलली जातात याचं खरंच वाईट वाटतं.

लोक म्हणतात पुलीला आत चावी (खाचेत बसणारा छोटा धातूचा तुकडा) आहे ना, मग पुली हलेल कशी. अहो, चावी पुली योग्य जागी बसावी म्हणून असते, खरी पकड बोल्टच्या दाबाची. तो दाब गेला की इंजिनाच्या प्रत्येक धक्क्याला पुली किंचित पुढेमागे होते, आधी चावी झिजते, मग खाच रुंद होते, आणि खाच तर क्रँकमध्येच कापलेली असते, म्हणजे एका बोल्टपायी क्रँक खराब. पुढचं ऑइल सील गळायला लागतं ते वेगळंच, आणि टायमिंगची (ठिणगी कधी पडते ते जुळवायची) खूण पुलीवर असेल तर तिच्यावरही भरवसा ठेवता येत नाही.

आणि कृपा करून नुसता पाना लावून आवळू नका, पुन्हा सुटतो. बोल्ट पूर्ण बाहेर काढा, चावी आणि खाच बघा, झिजलेल्या चावीवर कितीही आवळलं तरी उपयोग नाही. बोल्टचे आणि आतले आटे स्वच्छ करा. वॉशर दबून वाटीसारखा झाला असेल तर बदला. भलताच लांब बोल्ट आत टेकतो, पान्याला घट्ट लागतो पण पुलीवर दाबच येत नाही, हे फार कमी लोक तपासतात. जुन्या गाड्यांत बोल्टऐवजी हँडल मारून इंजिन सुरू करायचा नट असतो, त्याखालचा पत्र्याचा लॉक वॉशर दर वेळी नवा टाका आणि त्याची कड नटाच्या सपाट बाजूवर नीट दुमडा.

आवळताना क्रँक फिरतो, म्हणून मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर टॉप गिअर टाका, हँडब्रेक ओढा, चाकांना ओट (अडसर) लावा आणि एकाला ब्रेकवर बसवा. पुलीत स्क्रू ड्रायव्हर अडकवू नका, ती वाकते. बोल्ट सोडवायला पाना अडकवून स्टार्टर मारतात, ते तर अजिबात करू नका, बॅटरीची वायर आधीच काढून ठेवा. किती आवळायचं ते त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या आणि टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना, वापरा. आटे कोरडे ठेवायचे की तेल लावायचं तेही तिथलंच पाळा, कारण तेल असेल तर त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो.

मी बोल्ट आणि पुलीवरून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवलीय, बॉनेट उघडलं की आधी तिच्याकडे बघतो. इतके दिवस झाले, रेघ अजून सरळ आहे.

आपला,
एक वाचक