ऑडिओग्राम वाचायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

ऐरोलीतल्या आमच्या मेडिकल कोडिंगच्या टीमचं काम म्हणजे रुग्णाच्या नोंदीतल्या निदानाला ठरलेला कोड लावणं. तिथे ईएनटीचा, म्हणजे कान-नाक-घशाचा चार्ट आला की आता आधी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, उघडला जातो. ही सवय तुमची देणगी. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा, इथपासून तुम्ही मला शिकवलंत. तेही ठाण्यातला दवाखाना आटोपल्यावर, दमलेल्या असताना. फीचा विषय काढला तर रागावलात. म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर.

कोडिंगच्या क्लासमध्ये कोड शिकवतात, कान कोणी शिकवत नाही. हाडातून नीट ऐकू येतंय पण हवेतून नाही, म्हणजे आवाज बाहेरच्या किंवा मधल्या कानात अडतोय. आलेखातल्या हवेच्या आणि हाडाच्या दोन्ही रेषा बरोबरीने खाली उतरल्या, तर दोष आतल्या कानाचा किंवा नसेचा. दोन्ही खाली आणि मध्ये अंतरही, तर मिश्र. हे तुमच्याकडून कळलं आणि रोजचे चार्ट मला वेगळे दिसू लागले.

अमेरिकेतल्या एखाद्या रुग्णाच्या नोंदीत डॉक्टरांनी नुसतं ‘दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यावर एच ९१.९३ हा मोघम कोड लागतो. आलेखात मात्र उजवीकडे मिश्र दोष आणि डावीकडे नसेचा, असं दिसत असतं. डॉक्टरांनी तसं निदान लिहून दिलं तर दोन कोड लागतात: एच ९०.ए३१ आणि एच ९०.ए२२. दुसरा कानही अधू असेल तेव्हासाठीचे हे कोड ऑक्टोबर २०१६ पासून आहेत, एकाच कानाच्या नसेच्या दोषाचा एच ९०.४१ किंवा ४२ लावायचा तर दुसरा कान चांगला असावा लागतो. उजव्या कानात आवाज अडतोय हे कागदावर आलं, तर पुढचा डॉक्टर त्यावर शस्त्रक्रिया होऊ शकेल का, हे पाहील. मोघम नोंदीत तो दोष दडून राहतो. ज्या माणसाला आम्ही कधी भेटणार नाही, त्याच्या बाबतीत हे होऊ नये असं मला फार वाटतं.

पण सगळ्यांत मोलाचं तुम्ही सांगितलंत ते हे: "आलेख बघून निदान तू करायचं नाहीस. विचारायचं." आता मी डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवते: सोबतचा ऑडिओग्राम पाहून प्रत्येक कानाच्या श्रवणदोषाचा प्रकार कृपया नोंदवावा. उत्तर सुचवत नाही. ऑडिटमध्येही ही क्वेरी टिकते, कारण निदान त्यांचंच असतं.

आमच्याकडे नव्या मुली आल्या आहेत. एखाद्या रविवारी त्यांना तासभर शिकवाल का? सवड कळवा, न्यायला मी येईन.

तुमची विद्यार्थिनी,
ऐरोली