गरीलाही परवाना लावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी धंद्याने मच्छीमार नाही. शाळेत शिकवून निवृत्त झालो, पण गरवायचं, म्हणजे गळाने मासे धरायचं, वेड लहानपणापासूनचं. आधी हातातली दोरी आणि कोळंबीचं आमिष, आता मुलाने आणून दिलेला रॉड आणि रील. विजयदुर्गच्या खाडीवर माझ्या आठवड्यातल्या तीन-चार संध्याकाळी जातात. त्यामुळे पुढचं सगळं माझ्याच जातकुळीविरुद्ध लिहितो आहे, हे आधी सांगून टाकतो.

दोन पावसाळ्यांपूर्वी, जुलैत, खाडीच्या मुखाशी कातळावर उभा असताना माझ्या गळाला चोणक मासा लागला. अर्धा तास दमवलं त्याने. वजन अकरा किलो भरलं आणि फोटो संध्याकाळपर्यंत गावभर फिरले. घरी कापला तर पोटात मनगटाएवढ्या जाड दोन गाबोळ्या, म्हणजे अंड्यांच्या पिशव्या. बायको म्हणाली, "चार दिवस थांबला असता तर?" गाबोळी तळून खाल्ली, खोटं कशाला बोलू. पण तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही.

चोणक आधी नर असतो आणि काही वर्षांनी, अंगाने वाढल्यावर, मादी होतो. म्हणजे ज्या धुडाबरोबर आम्ही फोटो काढतो ती बहुतेक वेळा मादी असते, लाखांनी अंडी घालणारी. पावसाचं पाणी आलं की हा मासा अंडी घालायला खाडीच्या मुखाशी उतरतो, आणि नेमके तेव्हाच आम्ही तिथे रांगेने उभे. गोबरा माशाचं उलट: आधी मादी, मग नर. त्यातलेही मोठेच आम्हाला हवे असतात.

जून-जुलैत यांत्रिक नौका बंदरात बांधलेल्या असतात, मासळीला विणीसाठी उसंत मिळावी म्हणून. शनिवार-रविवारी मुंबई, पुणे, कोल्हापूरच्या गाड्या मात्र जेटीवर लागतात आणि दहा-बारा रॉड पाण्यात पडतात. आमचा शेजारी होडीवाला आहे. तो मला एकदा म्हणाला, "गुरुजी, आमच्या होडयेक परवानो, जाळ्याच्या भोकाक नियम, आणि तुमच्या रॉडाक कायच नाय?" उत्तर नव्हतं. 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यातला परवाना नौकेचा आहे. कातळावर उभ्या माणसाचा त्यात विचार नाही. 2023 मध्ये राज्याने 54 जातींसाठी किमान लांबी ठरवली, ते चांगलंच झालं. पण किमान लांबी पिल्लाला वाचवते. चोणकासारख्या माशाला वरचीही मर्यादा लागते, की अमुक लांबीच्या पुढचा मासा परत सोडायचा.

म्हणून सुचवतो: हौशी गरवणाऱ्याला परवाना लावा. दिवसाला शंभर रुपये, वर्षाला पाचशे. दहा-पंधरा हजारांचा रॉड घेणाऱ्याला हे जड नाही. माणशी दिवसाला दोन मासे, चोणकाला खालची-वरची लांबी, आणि जून-जुलैत खाडीचं मुख बंद. घरच्या कालवणापुरती हातदोरी टाकणारी पोरं आणि तिसऱ्या (शिंपले) काढणाऱ्या बायका यांना यातलं काहीही लावू नये. त्यांच्याकडून पावती मागणार असाल तर हे पत्र छापूच नका.

यात नवं काही नाही. हिमाचलात ट्राउटसाठी गळ टाकायचा तर मत्स्य विभागाचा परवाना घ्यावाच लागतो. अमेरिकेने 1950 साली रॉड-रीलवरचा कर माशांच्या संवर्धनाकडे वळवला, आणि त्यातला वाटा हवा असेल तर राज्यांनी परवान्याचे पैसे दुसरीकडे वळवायचे नाहीत अशी अट घातली. मला ती अट करापेक्षाही आवडते. कारण आपल्याकडे फी गोळा होईल, तिजोरीत जाईल आणि खाडीला त्यातला पैसाही दिसणार नाही, ही भीती खरी आहे. पैसे गावच्या मच्छीमार सोसायटीच्या वेगळ्या खात्यात राहिले पाहिजेत. त्यातून निदान जेटीखाली अडकलेली तंगूसची, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याची, जाळी तरी निघतील. गेल्या महिन्यात त्यात पाय गुंतलेला बगळा आम्ही सुरीने सोडवला. दोरा कुणाचा होता कोण जाणे, माझाही असेल.

आणखी एक. लिलावाला येणारी मासळी मोजली जाते. आमची थेट डिकीत जाते. परवान्याबरोबर एक कार्ड दिलं आणि त्यावर माशाची जात, लांबी, तारीख लिहून घेतली, तर खाडीत काय उरलंय याचा थोडा तरी अंदाज येईल.

तपासणार कोण, असं विचारतील. आमच्या खाडीच्या मुखाशी उभं राहून गरवता येईल अशा जागा मोजून तीन आहेत. आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांची पार्किंगची पावती फाडायला माणूस सकाळी सातला हजर असतोच.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग