वाळलेलं झाड पाडू नका रे

प्रिय भावा,

काल फोनवर सगळं बोलणं झालं, पोरांच्या परीक्षा, तुझं ऑफिस, काकींचे गुडघे, आणि फोन ठेवता ठेवता तू सहज म्हणालास की सोसायटीच्या मागचा गुलमोहर वाळलाय आणि तो मुळापासून काढायचं चाललंय. तेव्हापासून डोक्यात तेच बसलंय. फोनवर हे नीट सांगता येणार नाही म्हणून लिहायला बसलोय, लांबण लागणार आहे, चहा घेऊन बस.

आमच्या परसातला शेवगा तुला माहितीच आहे, आई तुला पिशवी भरून शेंगा द्यायची तोच. त्याची एक जाड फांदी मागं वाळली, साल गळाली, आणि घरात सगळ्यांचं सुरू झालं की दारात वाळकं लाकूड बरं नव्हं, काढून टाक. मी काही ऐकलं नाही. तारेला लागणाऱ्या हिरव्या फांद्या माणूस बोलावून छाटून घेतल्या पण ती तेवढी राहू दिली, कारण शेवग्याचं लाकूड मुळात भुसभुशीत, त्यात वाळलेलं, कुणीतरी घर करायला येणार असं मला वाटायचंच. आणि फेब्रुवारीत आला की तांबट!

तांबट तू हजार वेळा ऐकलायस. उन्हं तापली की कुठूनतरी टुक टुक टुक सुरू होतं आणि थांबायचं नावच घेत नाही, तो. दिसायला मात्र लवकर दिसत नाही, कारण एकतर चिमणीपेक्षा थोडासाच मोठा, त्यात पानासारखा हिरवा, आणि ओरडताना मान इकडं तिकडं फिरवत असतो त्यामुळं आवाज नेमका कुठल्या झाडावरून येतोय तेच कळत नाही. आमचा हा जवळून बघायला मिळाला. कपाळावर लालभडक ठिपका, गळ्याला पिवळा रंग आणि त्याच्याखाली परत लाल पट्टा, चोच जाडजूड आणि चोचीच्या बुडाला चक्क मिशा. फांदी तिरकी आहे ना, तर त्यानं भोक पाडायला घेतलं ते फांदीच्या खालच्या अंगाला. पाऊस आला तरी पाणी आत जायला नको! एवढी अक्कल घर बांधणाऱ्या माणसांना पण नसते रे कधी कधी. नर आणि मादी दोघंही आळीपाळीनं चोच मारायचे, आधी नुसतं डोकं आत, मग खांदे, मग एक दिवस अख्खा पक्षी आत गेला आणि बाहेर फक्त शेपटी हलताना दिसत होती. जरा वेळानं उलटा मागं सरकत बाहेर आला, चोचीत भुसा धरलेला, तो खाली सोडला आणि परत आत. खाली कपडे धुवायच्या दगडावर रोज भुशाचा थर. आई आधी कुरकुरली, मग तीच रोज झाडायला लागली आणि झाडता झाडता वर बघून त्यांच्याशी बोलायला पण लागली.

साळुंक्यांनी लई त्रास दिला. त्यांनाही भोकंच लागतात अंडी घालायला पण स्वतः कोरता येत नाहीत, मग दुसऱ्याच्या घरावर डोळा. एक जोडी यायची, डोकं आत घालून बघायची, आतून तांबट असा काही चोच मारायचा की साळुंकी कलकलाट करत मागं व्हायची. दार तांबटाच्याच मापाचं, गोल, तिला काही आत शिरता येईना. शेवटी गेल्या कंटाळून. पुढं दोघं उंबरं आणायला लागली, गल्लीच्या टोकाला उंबराचं झाड आहे तिथून, चोचीत लाल फळ धरून फांदीला लटकायचे आणि आतून पिल्लांची चिरचिर ऐकू यायची. आम्ही सगळे मागच्या दारात उभे, हातातली कामं टाकून.

त्याच उंबरावर धनेशाची जोडी पण येते. घारीसारखं ओरडतात, राखी रंग, लांबलचक शेपटी आणि ती वाकडी मोठी चोच, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं राधानगरीच्या जंगलातनं वाट चुकून आलेत की काय, पण नाही, हे साधे राखी धनेश, शहरात पण राहतात, फक्त त्यांना ढोल, म्हणजे खोडात मोठी पोकळी, असलेली जुनी झाडं पाहिजेत. कारण मादी अंडी घालायला ढोलीत बसते आणि दार आतनं लिंपून घेते, फक्त एक चीर ठेवते. आत असतानाच तिची जुनी पिसं गळून नवी येतात, तिला उडताच येत नाही. तेवढे सगळे आठवडे नर बाहेरून त्या चिरेतनं तिला आणि मग पिल्लांना भरवतो. ढोल नाही तर धनेशाचा संसारच नाही, इतकं सरळ आहे हे.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहितोय ते. कोपऱ्यावरची चिंच आठवते ना, शाळेतनं येताना आपण दगड मारायचो ती? तिच्या ढोलीत पिंगळ्यांचं, म्हणजे त्या छोट्या घुबडांचं, कुटुंब होतं, संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला तिघं चौघं ओळीनं फांदीवर बसायचे आणि माना वाकवून आपल्याकडं टकामका बघायचे. मागच्या वर्षी रस्त्यासाठी ती चिंच पाडली. मशीन आलं आणि दुपारपर्यंत संपलं सगळं. त्यानंतर बरेच दिवस एक पिंगळा तिथल्याच विजेच्या खांबावर येऊन बसायचा आणि खाली रिकाम्या जागेकडं बघायचा. मला ते बघवत नव्हतं रे. नवीन रोपं लावली म्हणाले, लावू देत, चांगलंच आहे, पण रोपट्याला ढोल यायला आपली उभी हयात जाईल.

म्हणून सांगतो, मेलेलं झाड म्हणजे कचरा नव्हे. माझं म्हणणं असं नाही की वाळका गुलमोहर तसाच पार्किंगवर डोलत ठेवा, पोरं खेळतात तिथं, फांदी पडली तर काय घ्या. पण वरचा धोक्याचा भाग उतरवून दहा बारा फुटांचा बुंधा आणि एखादी जाड फांदी ठेवता येते. सोसायटीला हेही सांग की शहरात झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, 1975 चा कायदा आहे राज्याचा, आणि घरटी अंडी मोडणं 1972 च्या वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे. पण कायद्यापासून सुरुवात करू नकोस, माणसं बिथरतात. आधी पक्षी दाखव. गच्चीवर घेऊन जा चार जणांना सकाळी सकाळी, तांबट त्या वेळी उघड्या शेंड्यावर ऊन खात बसलेला असतो.

मीटिंगच्या आधी एवढं कर. झाडाच्या भोवती सावकाश फीर, फांद्यांच्या खालच्या बाजूनं बघ, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठं गोल भोक दिसतंय का, बुडाशी ताजा भुसा पडलाय का. संध्याकाळी परत जा, पिंगळे असले तर त्याच वेळी बाहेर येतात. फोटो काढून मला व्हॉट्सअॅपवर टाक, कसलं भोक आहे ते बघून सांगतो. आणि हवं असेल तर मीटिंगमध्ये फोन स्पीकरवर लाव, मी बोलतो सगळ्यांशी, मला काही लाज नाही.

थंडीत पोरांना घेऊन ये, रंकाळ्यावर जाऊ, शेकाटे आणि वारकरी हे पाणपक्षी येतात तेव्हा. वहिनींना नमस्कार, काकींना सांग गुडघ्याला तेल लावायचं सोडू नका.

तुझाच,
कोल्हापूरवाला