पायलटबापूंच्या पेटीसाठी कपाट हवं आहे

समस्त गावकरी मंडळी, नोकरीसाठी बाहेरगावी असलेली पोरं आणि सासरी गेलेल्या लेकी, सर्वांना वाचनालयाचा नमस्कार.

पायलटबापूंचं मातीचं घर यंदा पाडलं. तिथे घरकुल उभं राहतंय. माळ्यावरची त्यांची काळी लोखंडी पेटी सूनबाईंनी वाचनालयाच्या स्वाधीन केली. आतला वरचा थर शाबूत आहे, पण तळाला ओल लागून कागद एकमेकांना चिकटलेत. आणखी एक पावसाळा गेला तर हाती काही लागणार नाही.

बापू पायलट नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. वायुसेनेत ते आर्मरर होते, म्हणजे विमानात दारूगोळा भरणारे. पोरांनी विचारलं की नुसते हसायचे, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच.

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले. त्यात पठाणकोटही होतं, आणि बापू तिथेच हंटर विमानांवर कामाला होते. हंटरच्या पोटात ३० मिलिमीटरच्या चार तोफा आणि गोळ्यांचे पट्टे एकाच सांगाड्यात बसवलेले असत. विमान उतरलं की रिकामा सांगाडा खाली घ्यायचा, भरलेला वर चढवायचा, की विमान पुन्हा निघायला मोकळं. हे सगळं पंजाबच्या थंडीत, ब्लॅकआउटच्या अंधारात. दुसऱ्याच दिवशी पठाणकोटची हंटर पेशावरपर्यंत जाऊन आली. ती बातमी झाली. सांगाडे चढवणाऱ्यांची बातमी होत नसते.

पेटीत १९७१ च्या लढाईची पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल ही पदकं आहेत, सर्व्हिस बुक आहे, आणि घरी आलेली अंतर्देशीय पत्रं आहेत. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात गाव नाही, नुसतं ‘५६ एपीओ’, म्हणजे फौजेच्या टपाल कार्यालयाचा नंबर. त्या डिसेंबरातल्या पत्रात लढाईचा चकार शब्द नाही, तसं लिहायला परवानगीही नव्हती. तुरीवर अळी पडली का, कापूस विकला का, मनीऑर्डर पोचली का, एवढंच. आम्हाला विचाराल तर पेटीतला सगळ्यात मोलाचा कागद तोच.

यासाठी काच लावलेलं एक स्टीलचं कपाट, चिकटलेले कागद सोडवण्याचं काम आणि सगळ्याचं स्कॅनिंग असा खर्च आहे. अंदाज ३८ हजारांचा आहे. वाचनालयाचं अनुदान पुस्तकं आणि वीजबिलातच संपतं, म्हणून गावापुढे हात पसरतोय. कापसाचा चुकारा आला की जमेल तेवढं द्या. १०० रुपयांचीही पावती मिळेल. रोख जमत नसेल तर पायलीभर तूर द्या, ती विकून रक्कम जमा करू. जमाखर्च दर महिन्याला फळ्यावर लागेल. कपाटावर देणगीदारांची नावं टाकणार नाही, त्यावरून मागे मंदिराच्या पायरीपाशी काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे.

दुसरी विनंती आसपासच्या गावांना. तुमच्या घरीही कुणी १९६५ किंवा १९७१ ला फौजेत, वायुसेनेत असेल. ड्रायव्हर, स्वयंपाकी, इंजिन फिटर, कुणीही. त्यांची पत्रं, फोटो, डिस्चार्ज बुक घेऊन या. स्कॅन करून त्याच दिवशी परत देऊ.

१६ डिसेंबरला, विजय दिवशी, कपाट उघडायचं ठरवलंय. पावतीपुस्तक वाचनालयात संध्याकाळी ५ ते ८ असतं. फोटो अल्बममध्ये चिकटलेले असतील तर ओढून काढू नका, अख्खा अल्बमच घेऊन या.

आपले,
सार्वजनिक वाचनालयाचे कार्यकारी मंडळ